इतिवृत्तात नसलेलं

बांधकामावर शंभर युरो खर्च झाले
की एक कलेला द्यायचा, असा आमच्या सार्विकोस्कीचा नियम.
नव्व्याण्णव काचेने, काँक्रीटने आणि सल्लागारांनी खाल्ले.
उरले एक लाख बारा हजार.

समितीत सातजण. आठवी मी, लिहिणारी.

विषय क्रमांक चार : नव्या नगरभवनासमोर, उघड्यावर, काहीतरी.
'काहीतरी' हा शब्द मी कागदावर येऊ दिला नाही.
उपाध्यक्ष लासोनेन तो तीनदा म्हणाले.

एकोणचाळीस प्रस्ताव आले.
अकरा हंस, चार अस्वलं,
बंद पडलेल्या कागद गिरणीच्या आठवणीत
पोलादी कागदाचं भेंडोळं, दोन माणसं उंच,
आणि एक लाल वस्तू,
जिच्याबद्दल कर्त्याचीही खात्री दिसेना.

तुइरे वुओरेलाच्या चित्रात चौक रिकामाच होता.
इथून एक ओढा वाहायचा, ती म्हणाली,
अठ्ठावन्न साली नळात घातला, वर गाड्या लावल्या.
त्याच्या वळणावरून, फरशीखालून,
इमारतीचं परतीचं कोमट पाणी फिरवायचं.
हिवाळ्यात बर्फ पडेल, सगळीकडे साठेल,
ओढ्यावर साठणार नाही.

मग?
मग काही नाही. पांढऱ्या चौकात काळा ओढा.
आणि उन्हाळ्यात?
उन्हाळ्यात फरशी.

लासोनेननी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
सहा महिने न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे
मतदारांना काय सांगून द्यायचे?
तुइरे म्हणाली, पायाही दिसत नाही, त्याचे दिलेतच की.
अभियंता ओस्सी तायपाले वर्षभर बैठकांना येतो,
त्या दिवशी पहिल्यांदा हसला
आणि नळाचा व्यास विचारला.

मंजूर. चार विरुद्ध तीन.

प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर एकच बाई होती,
ल्यूली केट्टुनेन, वय अठ्ठ्याऐंशी,
खरं तर ग्रंथालयाच्या वेळा विचारायला आलेली.
नकाशाजवळ गेली, काठीचं टोक टेकवलं :
हे वळण चुकलंय.

एकोणीसशे अडतीसची मोजणी आहे, ओस्सी म्हणाला.
मोजणारा उन्हाळ्यात आला असेल, ल्यूली म्हणाली.
मी तिथे सतरंज्या धुतल्यात.
पाइनच्या साबणाचा फेस दगडावरून
डावीकडे जायचा, बँकेच्या बाजूला.
उजवीकडे गेला असता
तर कॉर्होनेनांच्या गाईंनी प्यायला असता.
त्यांच्या गाई कधी आजारी पडल्या नाहीत.

ह्या पुराव्यावर काय लिहायचं, मला सुचेना.
मी लिहिलं : एका नागरिकाने माहिती दिली.

पुढच्या बैठकीत, आयत्या वेळच्या विषयांत,
जेव्हा निम्मेजण कोटाची बटणं लावत होते,
नळ दोन मीटर डावीकडे सरकवण्यास
तीन हजार चारशे युरो जादा मंजूर झाले.
सूचक : लासोनेन. कारण नमूद नाही.
त्यांच्या आईनेही तिथेच सतरंज्या धुतल्या होत्या,
हे मला पार्किंगमध्ये कळलं.

जूनमध्ये उद्घाटन. बँड, सॅमन सूप, भाषण.
लोक फरशीकडे बघत राहिले.
स्थानिक पेपरने चौकाचा फोटो छापला,
खाली लिहिलं : कलाकृती.
महिनाभर माझा फोन थांबला नाही.

नोव्हेंबरच्या अकरा तारखेला रात्रभर पडला.
सकाळी ऑफिसात शिरण्याआधी
सगळे काठावर थांबलेले. काठावर म्हणजे
जिथे बर्फ संपत होता तिथे.
त्यातून निवांत वाफ निघत होती.
शाळेची मुलं पलीकडे गेली ती उडी मारूनच.
कुणी सांगितलं नव्हतं. कोरडीठाक फरशी,
पाय टाकला असता तरी बूट भिजले नसते.

मी सत्तावन्न वर्षांची, हातात दोन फायली.
चारी बाजूंना बघून घेतलं.
ते जाऊ दे.

दुपारी टॅक्सीतून ल्यूली आली.
ओस्सी तिला हात धरून घेऊन गेला,
ओढ्याच्या वळणापाशी उभं केलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
आम्ही खिडकीतून तिच्याकडे.

मग काठी उचलून तिने दाखवलं :
अजून थोडं डावीकडे.